द्राक्षमळ्याचं हजेरीपत्रक

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. दवाखाने, शाळा, अनाथाश्रम हे सगळं ख्रिस्ती लोक स्वर्गात जागा पक्की करण्यासाठी चालवतात, ही त्यांची मुदत ठेव आहे, असा त्याचा मथितार्थ. टोला चांगला आहे, आणि आमच्यातल्या काहींना तो लागूही पडतो. पण जन्मभर हजेरी मांडलेल्या माणसाला त्या पत्रातला हिशेबच पटला नाही, म्हणून लिहितोय.

मी रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहायक होतो. नेवासे, शेवगाव भागात पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांची मातीकामं. मजुरी मोजमापावर. टोळीने खणलेल्या खड्ड्याची खोली कळावी म्हणून मधे मूळ जमिनीचा एक उंचवटा तसाच ठेवायचा असतो. काही हुशार टोळ्या त्या उंचवट्यावर गवतासकट मातीचा थर चढवायच्या, म्हणजे खड्डा वीतभर जास्त खोल दिसे. ते ओळखणं आणि उशिरा आलेल्या बाईचा अर्धा खाडा मांडणं, हेच माझं काम. लेकराला ताप होता म्हणून ती उशिरा आली, हे मस्टरला कळत नाही.

येशूने स्वर्गाच्या राज्याचा दाखला दिला तो नेमका अशाच मजुरांचा आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, एक दीनार ठरवून माणसं लावतो. दीनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता पुन्हा जातो तर अजून काही जण तिथेच उभे. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलंच नाही. (दुष्काळात तहसील कचेरीपुढे हेच वाक्य मी कितीदा ऐकलंय.) संध्याकाळी वाटप होतं ते उलट्या क्रमाने. पाचला आलेल्याला पूर्ण दीनार, आणि पहाटेपासून उन्हात राबलेल्यालाही तेवढाच. पहाटेचे कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलेलं तुला दिलं ना? मग मी दुसऱ्याला दिलं तर तुझ्या पोटात का दुखतं?

असं मस्टर मी वरिष्ठांपुढे नेलं असतं तर त्याच दिवशी निलंबित झालो असतो. मुदत ठेवीत जितके पैसे आणि जितकी वर्षं, तितकं व्याज. इथे तो नियमच मालकाने मोडला आहे. येशूबरोबर वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराच्या खात्यावर तर काहीच जमा नव्हतं, ना दवाखाना, ना शाळा. त्याने एवढंच म्हटलं की माझी आठवण ठेव, आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन त्याला मिळालं. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होतं, कर्मांनी नाही, म्हणजे कुणाला बढाई मारता येणार नाही, असं प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलंय ते याच अर्थाने.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. नव्या करारात प्रतिफळाची भाषा आहे, चांगली भरपूर आहे. करिंथजवळ मोठे खेळ भरत आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. त्या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पौल लिहितो की ते सुकणाऱ्या मुकुटासाठी धावतात, आपण न सुकणाऱ्यासाठी. याकोबाच्या पत्रात जीवनाचा मुकुट आहे, पेत्राच्या पत्रात गौरवाचा. करिंथकरांनाच पौल असंही सांगतो की ज्याचं काम गवत-पेंढ्याचं असेल ते आगीत जळेल, त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल. म्हणजे स्वर्गात सगळेच, पण सगळ्यांचं प्रतिफळ सारखं की कमी-जास्त? यावर जुना वाद आहे. चौथ्या शतकात जोव्हिनियन नावाच्या संन्याशाने याच दीनाराच्या आधारावर सगळ्यांना सारखंच, असं मांडलं. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे जेरोम त्याच्यावर तुटून पडले. पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं बी कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट येतं, मग सारखं कसं, असा त्यांचा मुद्दा. सोळाशे वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. माझं मत जोव्हिनियनच्या बाजूने झुकतं. प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, चोवीस वडील आपापले सोन्याचे मुकुट काढून राजासनापुढे टाकतात. मिळालेलं बक्षीस पहिल्या संधीला परत करणाऱ्या माणसांत वरिष्ठता यादी कशी लावणार?

पत्रलेखकाने म्हटलेला सौदा आमच्या इतिहासात झालेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोममधलं सेंट पीटरचं मंदिर बांधायला पैसा हवा होता, म्हणून जर्मनीत पापदंडमाफीची पत्रं विकली गेली. त्यावर 1517 साली मार्टिन ल्यूथरने 95 मुद्दे मांडले आणि मंडळी फुटली. कृपा आणि सत्कर्म यांच्या नात्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन यांचं संयुक्त निवेदन निघायला 1999 साल उजाडावं लागलं.

माझ्या घरात कॅथलिक-प्रॉटेस्टंट हा फरक रोज दिसतो. सूनबाई वसईच्या कॅथलिक घरातली. 2 नोव्हेंबरला तिच्या माहेरची माणसं कबरींवर फुलं वाहून मेणबत्त्या लावतात, मृतांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करतात. आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही. प्रभूमध्ये झोपी गेले, एवढं म्हणतो. सुरुवातीला घरात यावरून थोडी धुसफुस झाली. आता त्या दिवशी तिला दफनभूमीत मीच सोडतो.

आणखी एक. स्वर्ग म्हणजे ढगांवरचा राजवाडा, असं पत्रलेखकाने गृहीत धरलंय. उपासनेत आम्ही जो विश्वासाचा अंगीकार म्हणतो, त्यात शरीराचं पुनरुत्थान आहे. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसं वर जात नाहीत, नगर खाली येतं. त्याला बारा वेशी, कधीच बंद न होणाऱ्या. त्यात मंदिर नाही, कारण देव स्वतःच तिथे राहतो आणि माणसांचे डोळे पुसतो. सोन्याचा रस्ताही आहे, पण सभांमधून फिरणारे काही उपदेशक तेवढाच धरून बसतात. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्या, वर बंगला मिळेल, असं सांगणारे मी मांडवात बसून ऐकले आहेत. पत्रलेखकाने त्यांच्यावर लिहावं, मी सही करीन.

मग चांगलं वागायचं कशाला, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. ते गोंधळतात. कधी दिलं, असं त्यालाच विचारतात. त्यांनी नोंद ठेवलेली नव्हती. आमच्या कामांवर पाणी पाजायला एखादी वयस्क बाई असे. डोक्यावर घागर, हातात जर्मनचा पेला, दिवसभर या टोळीकडून त्या टोळीकडे. तिची हजेरी लागे, मोजमाप नसे. किती पेले पाजले याचा रकाना मस्टरला नव्हता. गार पाण्याच्या एका पेल्याचंही प्रतिफळ बुडणार नाही, असं येशू म्हणतो तेव्हा मला नेहमी तीच दिसते, आणि तिने कधी पेले मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

नाताळच्या पुरवणीत स्वर्गाविषयी काही छापणार असाल, तर ढग आणि शिडीचं चित्र यंदा राहू द्या. त्या जागेत द्राक्षमळ्याचा दाखला छापा. सोळा ओव्या आहेत, एका कॉलमात बसतील.

आपला,
एक निवृत्त हजेरी सहायक,
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर