आईला किनाऱ्यावर उतरवणाऱ्या वसईच्या भावास

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, जहाजाचंही नाही. क्रूझवरच्या नोकरीत कशाचं कौतुक होतं आणि कशाबद्दल बोलणी बसतात, हे आम्हा प्रवाशांना काय कळणार? माझ्या पत्रापायी तुम्हाला कोणी केबिनमध्ये बोलावून घ्यायला नको. निघताना अभिप्रायाच्या फॉर्मवर तुमच्याबद्दल लिहिलं, तुमच्या वरिष्ठांनाही भेटून सांगितलं. तरी हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत, "म्हाताऱ्या आईला घेऊन मेक्सिकोची क्रूझ कशी काय जमली?" आणि दर वेळी मी तुम्ही सांगितलेलंच सांगत असते. तेव्हा श्रेय तरी योग्य माणसाच्या पदरात पडू दे.

लॉस एंजेलिसहून निघालो तेव्हा आईनं जाहीर करून टाकलं होतं, "मी बाई जहाजावरूनच समुद्र बघीन. तुम्ही फिरून या." वय ७९, दोन्ही गुडघे कुरकुरतात, घरात काठी आणि बाहेर व्हीलचेअर. सहलींच्या काउंटरवर मिळालेल्या पुस्तिकेनंही तिचीच री ओढली. झिपलाइन, घोडेस्वारी, स्नॉर्केलिंग, एटीव्ही, आणि जवळजवळ प्रत्येक सहलीखाली चालणाऱ्या माणसांची छोटी चित्रं: एक माणूस म्हणजे सोपं, तीन माणसं म्हणजे दमछाक. व्हीलचेअर चालेल अशी सापडली ती एकच, बसमध्ये बसून काचेतून गाव बघायचं, आणि तिचे पैसे ऐकून आईनं हात जोडले.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही आमच्या टेबलावर वाढायला होतात. पाणी ओतता ओतता आमचं बोलणं कानावर पडलं असणार. पाण्याचा जग खाली ठेवून तुम्ही सरळ मराठीत विचारलंत, "आजी, कुठल्या तुम्ही?" सातारा म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मी वसईचा." आईनं लगेच चिमाजीअप्पा काढले, तुम्ही हसून सुकेळी काढलीत, आणि पुढची पाच मिनिटं राजेळी केळी उन्हात किती दिवस वाळवायची यावर गेली. बाकीची टेबलं तुमची वाट बघत होती, मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे. मला नाही, आईला विचारलात.

"आजी, पायरी चढता येते ना? एक?"

"एक चढते की."

"मग झालं. काबोला बोटीत जायला एकच लागते."

दुसरा दिवस नुसता समुद्रातला. नाश्त्याला तुम्ही ऑर्डर घ्यायच्या वहीचं एक पान फाडून आणलंत. ते पान आता आईच्या पोथीत आहे. वर जहाज थांबणार होतं ती तीन गावं, तुमच्या बारीक, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात: "काबो – बोट. मासातलान – धक्का. वायार्ता – धक्का." खाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली देवनागरीत स्पॅनिश: "सिन कार्ने. सिन पोयो. सिन पेस्कादो. सिन मांतेका." मांस नको, चिकन नको, मासे नकोत, चरबी नको. शेवटचं तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत. मेक्सिकोत राजम्यासारख्या घोटलेल्या बीन्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात; वरून बघून शाकाहारी माणसाला काही पत्ता लागत नाही. हे इतकी वर्षं अमेरिकेत राहून मला माहीत नव्हतं असं नाही, पण आईला ते स्वतः म्हणता यावं म्हणून देवनागरीत लिहून द्यायचं मला सुचलं नसतं.

काबो सान लुकासला मोठ्या जहाजांना धक्का नाही. जहाज उपसागरात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींतून माणसं मरिनात, म्हणजे छोट्या बोटींच्या गोदीत, नेतात. व्हीलचेअर घडी करून वेगळी जाते, पण बसणाऱ्यानं पाऊल स्वतः टाकायचं, आणि त्या दिवशी समुद्र कसा आहे ते बघून खलाशी नाही म्हणू शकतात. हे सगळं आधी नीट सांगितलंत म्हणून बरं झालं. "लाटेबरोबर बोट वरखाली होते आजी. आपण अंदाज घ्यायचा नाही. ते 'आता' म्हणतील तेव्हा पाय. दोघं जण कोपराखाली धरतील, तुम्ही त्यांचा हात धरू नका, त्यांना धरू द्या." केबिनमधल्या बाथरूमला उंच उंबरठा असतो ना, आईनं आदल्या दिवशी त्यावर सराव केला. मी "आता!" म्हणायचं आणि तिनं पाय टाकायचा. चुकून उशिरा म्हटलं तर वर मलाच बोलणी.

तुम्ही दोन वेळा सांगून ठेवल्या होत्यात. एक पहाटेची: जहाज काबोत शिरताना डेकवर या, कमान तिथूनच दिसते, बोटीत चढायला नाही जमलं तरी हुकणार नाही. एल आर्को म्हणतात ती दगडी कमान, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचं अगदी टोक, एका बाजूला पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचं आखात. दुसरी वेळ साडेदहाची: जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी उतरवतात, ती झुंबड ओसरल्यावर या, पण जेवणानंतरवर ढकलू नका, दुपारी वारा सुटतो. आम्ही बरोब्बर तेव्हा खाली गेलो. रांगेत मोजकीच माणसं होती. आईनं पाय टाकला तेव्हा मी मागे होते, मला तिचा फक्त अंबाडा दिसला, आणि दुसऱ्या क्षणी ती बोटीतल्या बाकावर बसून पदर सारखा करत होती.

काचेच्या तळाच्या होडीतून कमानीपर्यंत जायचं तिनं नाकारलं. पुन्हा एक होडी, पुन्हा एक पाय, एवढी हौस नाही म्हणाली. त्यापेक्षा मरिनाच्या फरसबंदीवर खुर्ची लावून बसली. मासेमारीच्या बोटी परतत होत्या आणि त्यांच्यामागून समुद्रसिंह पोहत येत होते, कोणी मासा टाकतंय का बघत. एक तर चक्क बोटीच्या मागच्या फळीवर चढून बसला. पेलिकन खांबाखांबावर. आई तासभर तिथून हलली नाही. माझ्या नवऱ्यानं होडीची तिकिटं काढली होती, ती आम्ही दोघांनी वापरली; कमान जवळून छान आहे, पण खरं सांगू का, मरिनात जास्त मजा होती.

मासातलानला जहाज थेट बंदरात लागतं. मालधक्का असल्यामुळे आत चालू देत नाहीत, एक छोटी ट्राम दारापर्यंत सोडते. तिथून रस्त्यावर आखलेल्या निळ्या रेघेमागे चालत गेलं की जुनं गाव येतं, असं तुम्ही सांगितलं होतं, आणि पुढे "पण तुम्ही पुल्मोनिया घ्या" असंही. १९६०च्या दशकापासून त्या गावात चालणाऱ्या या उघड्या गाड्या. दार नाही, छप्पर नावापुरतं, आणि पाय टाकायची जागा इतकी खाली की आईला कुणाचा हात लागला नाही. भाडं माणशी नाही, गाडीचं, आणि बसायच्या आधी ठरवायचं, हा तुमचा सल्ला मी अक्षरशः पाळला. ड्रायव्हरनं गाणी मात्र विचारून लावली नाहीत. ट्यूबा, क्लॅरिनेट आणि ढोल, सिनालोआ प्रांताचं बँडा संगीत, अख्ख्या मालेकॉनभर, म्हणजे समुद्राकाठच्या त्या लांबलचक रस्त्याभर, कानठळ्या बसेपर्यंत. आई मांडीवर ठेका धरून होती.

प्लासुएला माचादो या चौकाजवळ आंखेला पेराल्ताच्या नावाचं थिएटर आहे. ही मेक्सिकोची विख्यात ऑपेरा गायिका १८८३ साली आपली मंडळी घेऊन मासातलानला आली आणि पिवळ्या तापानं इथेच गेली. तिच्या बरोबरच्या अनेक कलाकारांचाही त्या साथीत बळी गेला. आईनं तिच्या पुतळ्याचा फोटो काढायला लावला. तरुणपणी साताऱ्यात नाट्यसंगीताचे वर्ग घ्यायची ती, त्यामुळे दौऱ्यावर निघालेल्या गायक मंडळींची गोष्ट तिला नीट कळली.

आणि मग बाजार. तुम्ही म्हणाला होतात, "आजींना बाजारात न्या, देवळाबिवळाचं नंतर बघा." लोखंडी खांबांचा जुना मंडईसारखा बाजार, एका बाजूला सुकवलेल्या मिरच्यांची पोती, एका बाजूला कोळंबी. कोळंबीपाशी आईनं नाकाला पदर लावला, तेवढंच. पुढच्या गाळ्यावर ती एकदम थांबली. काउंटरवर शेंगदाण्याची चिक्की आणि तिच्या शेजारी राजगिऱ्याच्या वड्या, मनुका आणि भोपळ्याच्या बिया लावलेल्या. तिथे त्यांना आलेग्रिया म्हणतात. राजगिरा मूळचा तिकडचाच; अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करत, म्हणून स्पॅनिश राज्यकर्त्यांचा त्या धान्यावर राग होता. एवढं सांगून मी खुश झाले, तर आई म्हणाली, "ते राहू दे, पाक कशाचा आहे विचार." मध होता. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, चावला, पुन्हा चावला आणि निकाल दिला: "पाक कच्चा राहिलाय, पण राजगिरा भाजलाय उत्तम." विकणाऱ्या बाईंना यातलं काय कळलं कोण जाणे, त्यांनी आणखी एक वडी फुकट दिली. जेवायला बसलो तिथे आईनं तुमचं पान पुढे धरून स्वतः वाचलं, "सिन मांतेका." वेटर एवढा खुश झाला की स्वयंपाकघरातून आचाऱ्याला बोलावून आणलं. बीन्स वेगळ्या करून आल्या.

पुएर्तो वायार्ताला तुमची सूचना घड्याळाची. फोन किनाऱ्यावर जाताच तिथली वेळ दाखवू लागतो आणि ती लॉस एंजेलिसच्या पुढे; जहाजाची वेळ तीच खरी मानायची, हातातल्या घड्याळावर ठेवायची. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपण आपले फिरायला गेलो तर थांबत नाही. आम्ही आपले आपण होतो, त्यामुळे माझा जीव त्या घड्याळात.

वायार्ताचे गावातले रस्ते गोट्यांचे आणि चढाचे. तिथे व्हीलचेअर म्हणजे शिक्षा, हे तुम्ही बजावलं होतंत. म्हणून टॅक्सी थेट मालेकॉनवर सोडायला लावली. तिथे वाहनं नाहीत, फरशी सपाट, समुद्र हाताशी, आणि वर ग्वादालुपेच्या चर्चचा तो मुकुट घातलेला मनोरा. आमची दिवाळी नुकतीच झाली होती आणि त्यांचा मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबर, तोंडावर आलेला. मालेकॉनवर कात्रिना उभी होती, झगा आणि फुलाफुलांची टोपी घातलेली उंचच उंच सांगाड्याची बाई. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकारानं १९१०च्या सुमारास काढलेल्या चित्रातून ती आली. आणि सगळीकडे झेंडू. तोही मूळचा मेक्सिकोचा. दुकानांच्या दारात वेद्या मांडलेल्या, त्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, पाण्याचा पेला, मीठ, त्यांच्या आवडीचं खाणं, कुणाची बिअरची बाटली, कुणाची सिगारेट. आई म्हणाली, "हे आपल्या पितरांच्या पानासारखंच की. फक्त आपण बिअर ठेवत नाही." मग थोडं थांबून, "तुझ्या बाबांना ठेवायला हरकत नव्हती."

त्या रात्री जेवताना तिनं हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ट्रे हातात घेऊन पोट धरून हसलात. मी विचारलं, तुम्ही कितीदा उतरलात या गावांत? तर म्हणालात, धक्क्याजवळच्या कॅफेपर्यंत, घरी व्हिडिओ कॉल करायला. दुपारच्या जेवणाची पाळी आणि रात्रीच्या जेवणाची पाळी, मध्ये जेमतेम दोन तास. "मग हे सगळं कसं माहीत?" "ताई, लोक जेवताना बोलतात. कुठे चढ होता, कुठे फसवलं, कुठे गुडघे दुखले. आपण ऐकायचं." एल आर्को जवळून न बघता तुम्ही आम्हाला दाखवलीत. सहलींच्या काउंटरवरच्या मुलीलाही मी दोष देत नाही, तिच्यापुढे विकायच्या सहलींची यादी होती. तुमच्यापुढे आई होती.

टिप आम्ही दिली, ती तुमच्या हक्काची. पण त्यात पायरीचा तो प्रश्न धरलेला नाही, म्हणून हे पत्र.

कंत्राट संपवून मार्चअखेर वसईला येणार म्हणालात. आई तेव्हा साताऱ्यात असेल आणि तिनं पत्ता तुमच्याकडून आधीच लिहून घेतलाय, मला न सांगता. राजगिऱ्याच्या वड्या पाठवणार आहे, नीट पाक केलेल्या. बदल्यात सुकेळी हवी आहेत असंही तिनं स्पष्ट सांगायला लावलंय. आणखी एक निरोप आहे. अलास्काच्या क्रूझला कुठल्या गावात धक्का आहे आणि कुठे बोट, ते तुमच्या टेबलावर कोणी बोललं तर ऐकून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई (आणि आजी)