गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान खऱ्यापेक्षा कमी दाखवणाऱ्या सेन्सर संचाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: तापमान सेन्सरच्या संचात न जुळणाऱ्या आट्यांचे भाग आणि चुकीचे माहितीपत्रक दिल्याबद्दल.

महोदय,

मी जुन्नर तालुक्यातला पिकअपचालक आहे. गाडी माझी स्वतःची, चालवतोही मीच, आणि घर याच धंद्यावर चालते. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जातो. येताना भाडे मिळाले, तर कल्याण-मुरबाडकडचा माल घेऊन घाट चढतो. यंदा गाडीचा गिअरबॉक्स बदलावा लागला. जुन्या बॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गेले आणि टोकावड्याच्या पुढे चढाला बेअरिंग जाम झाले. आत काय चालले आहे हे डॅशबोर्डवर कुठेच कळत नव्हते. म्हणून त्याच मॉडेलचा नवा बॉक्स बसवताना ठरवले, की याच्या तेलाचे तापमान डोळ्यांसमोर दिसले पाहिजे.

आपला संच मी त्यासाठी घेतला. त्यात सेन्सर, तेल काढायच्या (ड्रेन) बोल्टच्या जागी लावायचा अडॅप्टर, वायर आणि काट्याचा मीटर आहे. मागवण्याआधी आपल्या विक्री विभागाला फोन करून गाडीचे मॉडेल, वर्ष आणि बॉक्सवर कोरलेला क्रमांक सांगितला होता. ‘डोळे झाकून बसवा, काही करावे लागत नाही,’ असे उत्तर मिळाले.

अडॅप्टर बॉक्समध्ये व्यवस्थित बसला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अडॅप्टरमध्ये सेन्सर बसतो त्या जागेची. पहिल्या भरलेल्या खेपेतच तिथून तेल पाझरू लागले. सेन्सर काढून नारायणगावच्या लेथवाल्याकडे नेला. त्याने आट्यांना गेज लावून दाखवले. दोन्ही भाग पाव इंचाच्या निम्मे, म्हणजे १/८ मापाचेच, पण अडॅप्टरचे आटे अमेरिकन एनपीटी पद्धतीचे आहेत, इंचाला २७ आणि ६० अंशांच्या कोनाचे. सेन्सरचे आटे ब्रिटिश बीएसपीटी पद्धतीचे, इंचाला २८ आणि ५५ अंशांचे. शिवाय १/८ मापात बीएसपीटीचा नर, म्हणजे बाहेरून आटे असलेला भाग, एनपीटीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने बारीक असतो. त्यामुळे तो आत फिरत जातो, आवळल्यासारखाही वाटतो, पण निमुळत्या आट्यांनी एकमेकांना जी पकड धरायची असते ती धरलीच जात नाही. गाडी थंड असताना टिपूसही दिसत नाही. तेल तापून पातळ झाले की वाट काढते.

आपल्या पत्रकात सेन्सरला टेफ्लॉन टेपचे पाच वेढे द्यायला सांगितले आहे. जुळणाऱ्या आट्यांना दोन-तीन वेढे पुरतात. हे जास्तीचे वेढे ढिलाई भरून काढण्यासाठीच सांगितले असावेत, असे मला वाटते. तसे असेल, तर दोन भाग जुळत नाहीत हे आपल्याकडे कोणाला तरी माहीत होते.

गळती दिसते तरी. खरा धोका पुढे आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे. आपला सेन्सर एका वायरचा आहे. त्याची अर्थ (अर्थिंग), म्हणजे वीज परत जायची वाट, त्याच्या पितळी अंगातून, आट्यांमधून, बॉक्सच्या धातूला मिळते. आटे नीट जुळले, तर ते टेप कापून धातूला धातू लावतात. इथे ते सैल आहेत, आणि मध्ये टेफ्लॉनचे पाच थर आहेत. टेफ्लॉनमधून वीज जात नाही. अशा सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापमान वाढेल तसा कमी होतो, म्हणजे रोध जास्त दिसला की मीटर ‘तेल थंड आहे’ असे समजतो. अर्थ कमकुवत झाली की रोध वाढतो आणि काटा खाली बसतो. तेल उकळत असले, तरी मीटर सगळे ठीक असल्याचेच सांगणार.

माझ्याकडे नेमके हेच झाले. माळशेज चढून आल्यावर काटा ६० च्या आसपास होता. मेकॅनिकने तापमान मोजायची बंदूक अडॅप्टरशेजारी रोखली. उघड्या अॅल्युमिनियमवर ती बंदूक कमी आकडा दाखवते, म्हणून आधी काळी टेप चिकटवली. आकडा आला ९० च्या वर, आणि तोही बाहेरच्या कवचाचा. मग सेन्सरच्या अंगाला एक वायर लावून ती बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. काटा तिथल्या तिथे उसळून ९० पार गेला. वायर काढली की परत ६०.

सेन्सर स्वतः चांगला आहे हेही सांगतो. त्याला थेट अर्थ देऊन उकळत्या पाण्यात बुडवला. आमच्याकडे समुद्रसपाटीपासून सातशेएक मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि काटाही तिथेच थांबला. दोष आहे तो न जुळणारे भाग एका खोक्यात भरण्यात आणि एका वायरच्या सेन्सरवर टेपचे थर चढवायला सांगण्यात.

आपल्या तांत्रिक विभागाने फोनवर सांगितले, की बॉक्स बदलताना गाडीची अर्थची पट्टी राहिली असेल. ती राहिलेली नाही. बॉक्स ते बॅटरी निगेटिव्ह रोध मल्टिमीटरवर अर्ध्या ओहमच्याही खाली आहे, सेन्सरच्या अंगापासून मोजला तर तो शेकड्यांत जातो. दोन्ही मोजमापांचे फोटो सोबत जोडले आहेत. ते न पाहताच गाडीवर दोष टाकणे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट. गाडीच्या मूळ ड्रेन बोल्टला चुंबक असते. नवा बॉक्स सुरुवातीला थोडी लोखंडी भुकटी सोडतो, ती त्या चुंबकाला चिकटून राहते आणि बेअरिंगपासून लांब राहते. आपल्या अडॅप्टरला चुंबक नाही, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. मूळ बोल्ट काढायला सांगणाऱ्याने हे ग्राहकाला सांगायलाच हवे होते.

माळशेजसारख्या घाटात भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगते. थेट चौथ्यात ताकद सरळ पार जाते, खालच्या गिअरला मात्र सगळा भार खालच्या शाफ्टच्या दात्यांवर आणि बेअरिंगवर येतो, तेल तापते ते तेव्हा. नेमक्या त्याच वेळी मीटरवर विश्वास ठेवून चालक पुढे जातो. मीटर नसता, तर त्याने थांबून हात लावून तरी पाहिले असते. आपला संच माझ्यासारख्या इतर गाडीवाल्यांनीही घेतला असेल. त्यांच्यापैकी ज्यांना गळती दिसली नाही, ते आजही त्या काट्याकडे बघून घाट चढत असतील. मला त्यांची काळजी वाटते.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाही. हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला फोन किंवा संदेश करून सांगा, की काट्यावर विसंबू नका, आणि जुळणारे भाग त्यांना विनामूल्य पाठवा. माझ्या मते योग्य उपाय म्हणजे अर्थची स्वतंत्र वायर असलेला दोन वायरचा सेन्सर, आणि तांब्याच्या वायसरवर बसणारा, चुंबक असलेला अडॅप्टर. पत्रकात किती तापमानाला किती ओहम याचा तक्ताही द्यावा, म्हणजे गावातला मेकॅनिकसुद्धा मल्टिमीटरने खात्री करू शकेल. मला संचाची पूर्ण किंमत, वाया गेलेले गिअरबॉक्सचे जीएल-४ तेल, आणि लेथ व मेकॅनिकची मजुरी परत मिळावी. बिले जोडली आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्यासही उत्पादक जबाबदार ठरतो. गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहक नाही, असे उत्तर कृपया देऊ नये. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात व्यापारी हेतूतून वगळली आहे. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, हेही मला ठाऊक आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर पुणे जिल्हा आयोगाकडे जाईन.

सेन्सर आणि अडॅप्टर मी जपून ठेवले आहेत. आपला तंत्रज्ञ आला तर गाडीवर लावून सगळे समोर दाखवीन. तूर्त मूळ ड्रेन बोल्ट परत बसवला आहे.

आपला,
एक ग्राहक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे

सोबत: खरेदीचे बिल, तेल व मजुरीची बिले, आट्यांवर लावलेल्या गेजचे आणि मल्टिमीटरचे फोटो, वायर टेकवताना काटा हलतो त्याची चित्रफीत, आपल्या माहितीपत्रकाची प्रत.