‘वयात शंभर मिळवा’ हा हिशेब आता थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याबद्दल आपल्या अंकात वरचेवर लिहून येतं. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण हा पैसा उपयोगी पडतो तो माणूस आडवा झाल्यावर. मला त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल, म्हणजे वेळीच बीपी मोजून ते आटोक्यात ठेवण्याबद्दल लिहायचं आहे.

२०११ साली माझे वडील ७८ वर्षांचे होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा वरचं बीपी १७६ भरलं. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच गुंडाळला होता, हेसुद्धा मला आठवतं. गोळी सुरू करायची का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “ताई, वयात शंभर मिळवायचे. त्यांना एवढं चालायचंच.” एक गोळी वाचली म्हणून आप्पा खूश झाले. चार महिन्यांनी एका सकाळी चहाचा घोट त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला आणि डाव्या हातातली बशी सुटली. पुढची सहा वर्षं त्यांनी खाटेवर काढली. गोळी घेतली असती तर हे नक्की टळलं असतं, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण तो शंभराचा हिशेब चुकीचा होता, आणि म्हाताऱ्या माणसांचं वाढलेलं बीपी उतरवल्याने पक्षाघात कमी होतात, हे तोवर छापून येऊन पंचवीस वर्षं झाली होती.

ते दाखवून दिलं होतं एका फॅमिली डॉक्टरने. जॉन कूप त्यांचं नाव. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या बॉलिंग्टन या लहानशा गावात ते प्रॅक्टिस करत. उतारवयात चढलेलं बीपी उतरवावं की नाही, यावर त्या काळी डॉक्टरांमध्येच एकमत नव्हतं. उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल, चक्कर येऊन माणूस पडेल, अशी धास्ती होती. कूप आणि त्यांचे सहकारी वॉरेंडर यांनी इंग्लंड-वेल्समधल्या अशाच १३ दवाखान्यांतून ६० ते ७९ वयाचे ८८४ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला गोळ्या दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत, आणि सरासरी ४.४ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या ५८ टक्क्यांवर आलं होतं, आणि जीव घेणाऱ्या पक्षाघाताचं तर ३० टक्क्यांवर. हृदयविकाराचे झटके आणि एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. मला त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटतो तो यासाठी.

कूप यांनी दिलेल्या अटेनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या आता मागे पडल्या. चक्कर येऊन पडण्याची धास्ती मात्र आजही खरी आहे. म्हणूनच ज्येष्ठांचं बीपी बसून आणि उभं राहून, असं दोन्ही वेळा मोजायला हवं. किती ठिकाणी तसं मोजतात?

हा प्रश्न विलायतेपुरता नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं, साधारण सातातला एक मृत्यू. त्यातले बहुतेक जण घरीच गेले. जिथे आपण मलेरिया नि कुपोषणच धरून चालतो, तिथली ही गोष्ट.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धाही होते. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं, ठरलेल्या क्रमाने गोळी वाढवायची, जो आला नाही त्याला फोन करायचा, अशी त्याची साधी रीत आहे. गोळ्या मोफत. मी स्वतः आता ६८ वर्षांची आहे आणि आमच्या उपकेंद्रात जाते. तिथल्या सिस्टर आधी पाच मिनिटं गप्प बसवतात, बाही वर करायला लावतात, मग पट्टा बांधतात. आप्पांचं बीपी असं कुणी मोजलं असतं तर, हे दर वेळी मनात येतंच.

पण इतर अनेक दवाखान्यांत दर खेपेला नवा केसपेपर निघतो आणि जुना घरच्या पिशवीत चुरगळून जातो. मागच्या वर्षी या आजोबांचं बीपी किती होतं, हे डॉक्टरला कळणार कसं? कूप यांच्याकडे मोठं इस्पितळ नव्हतं. वर्षानुवर्षं तेच रुग्ण आणि जपून ठेवलेल्या नोंदी एवढं त्यांच्याकडे होतं. रुग्ण तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडेही पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. त्यांना नोंदी ठेवायला एक माणूस द्या, सारख्या बदल्या करू नका आणि आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांबद्दल त्यांना जे दिसतं ते लिहायला वाव द्या.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. धरणांतल्या पाणीसाठ्याचे आकडे आपण छापता, तसे दर तीन महिन्यांनी तालुकावार दोन आकडे आरोग्य खात्याकडून मागून छापावेत : साठीपुढच्या किती जणांची बीपीची नोंद झाली, आणि त्यांतल्या किती जणांचं १४०/९० च्या खाली आहे. सुरुवात आमच्या वाई तालुक्यापासून केली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वाई, जि. सातारा