जनरेटर रूममागच्या तीन कुत्र्यांबाबत अध्यक्षांना पत्र

पर्वरी, बार्देश
१४ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय : १० सप्टेंबरची नोटीस, कुत्र्यांना घर मिळेपर्यंत मुदत, एका रविवारी हॉल आणि जूनमधल्या एका ठरावाचा फेरविचार.

महोदय,

बुधवारी नोटीस बोर्डावर लागलेला कागद वाचला. ‘जनरेटर रूमच्या मागे ठेवलेली कुत्री सात दिवसांत इतरत्र सोडावीत.’ माझा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे वाक्य समोर आलं की आधी व्याकरणच दिसतं. ‘इतरत्र’ हे स्थलवाचक क्रियाविशेषण, पण या वाक्यात स्थळ काही सापडेना. सुकूरच्या उतारावर? म्हापशाच्या मासळी बाजारात? की मांडवी ओलांडून पणजीत, म्हणजे पुढची डोकेदुखी तिथल्या लोकांची? लिहिणाऱ्याच्या मनात नक्की कोणती जागा होती हे मला खरंच विचारायचं आहे, कारण ही तिन्ही कुत्री आपल्याकडे आली ती कुणाच्या तरी ‘इतरत्र’ म्हणूनच.

सुंगट फेब्रुवारीत मिळाली. हायवेवर उड्डाणपुलाचं काम चाललंय, तिथे खांबाशेजारी पडलेल्या पाइपात होती. मूठभर पिल्लू, अंगाची कमान करून झोपलेलं, सोललेल्या सुंगटासारखं, म्हणजे कोळंबीसारखं. ए विंगच्या पोरांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं. खतखतं जुलैतलं. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी गेटपाशी भिजून बसकण मारलेला एक खोका होता, आत चार पिल्लं. एक पार्वोच्या आजाराने गेलं, तीन दिवस सलाइन लावूनही. दोन घरी गेली, एक साळगावला, एक दिवाडीला. उरलं हे. पांढरा, काळा, तांबूस, मध्येच राखाडी. गणेश चवथीच्या खतखत्यात पडतात तशा सगळ्या भाज्या अंगावर.

तिसरे आजोबा. त्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण नोटिशीत तेही ‘भटकं कुत्रं’ झालेत. मे महिन्याच्या शेवटी सी विंगमधलं भाड्याने राहणारं एक कुटुंब बदली होऊन गेलं. टेम्पोतून सोफा गेला, वॉशिंग मशीन गेलं, तुळशीची कुंडीसुद्धा गेली. दुपारी वॉचमनला जनरेटरच्या ग्रिलला बांधलेला लॅब्राडोर दिसला. शेजारी स्टीलचं भांडं आणि खाण्याची अर्धी पिशवी. डॉक्टर म्हणाले, नऊ-दहा वर्षांचा असेल, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, कमरेतून अधू. चार दिवस तो गेटकडे तोंड करून बसला होता. अजूनही पांढरी गाडी आत वळली की मागचे पाय ओढत उठतो, नंबर प्लेटपर्यंत जातो, वास घेतो आणि परत येऊन होता तिथे बसतो. रोज. आपल्या सोसायटीत पांढऱ्या गाड्या अकरा आहेत.

आता तक्रारींविषयी. त्यातल्या दोन खऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये माझा गुडघा धरला होता तेव्हा दोन सकाळी पार्किंगमधली घाण उचलायची राहिली. ज्यांच्या गाडीशेजारी ती होती त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली आहे, इथेही मागते. आता त्या कामाला वॉचमनच्या बायकोला ठेवलं आहे, पैसे मी देते. दुसरी तक्रार पहाटेच्या भुंकण्याची. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की सुंगट उसळते. त्याने एकदा तिला उंड्याचा तुकडा टाकला होता, त्यामुळे ते भुंकणं आहे की ऑर्डर देणं, सांगता येत नाही. पण ज्याची झोप मोडते त्याला हा भेद काय कामाचा? म्हणून या आठवड्यापासून साडेपाचला मी तिला घरात घेते आणि पोदेर पुढच्या कॉलनीत गेला की खाली नेते.

‘कुत्री चावतात’ हे मात्र खरं नाही. या तिघांपैकी कुणीही इथे कुणाला चावलेलं नाही. बी विंगमधली छोटी मुलगी त्यांना घाबरते. तिची भीती खरी आहे, भीतीला काही पुरावा लागत नाही. तिची शाळेची बस येते त्या वेळी तिघंही जाळीच्या दाराआड असतात; तिच्या आईला मी तसं सांगितलंय.

रेबीजचा मुद्दा कुणीतरी मीटिंगमध्ये काढला, काढायलाच हवा. सुंगट आणि आजोबांचं रेबीजचं इंजेक्शन झालं आहे, खतखत्याला तीन महिने पूर्ण झाल्यावर गेल्याच आठवड्यात दिलं. तिघांच्या लसीच्या पुस्तिकांच्या झेरॉक्स या पत्राला टाचल्या आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या मिशन रेबीजने राज्य सरकारला सोबत घेऊन गोव्यात गावोगाव कुत्र्यांना लसी टोचल्या. जाळी घेऊन धावणारी त्यांची पथकं तुम्हीही पाहिली असतील. २०२१मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं ते त्या टोचण्यामुळे. लस टोचलेलं, ऑपरेशन झालेलं कुत्रं हाकलायचं आणि कचराकुंडी उघडी ठेवायची, म्हणजे चार दिवसांत तिथे लस न टोचलेलं दुसरं येणार. (कुंडीच्या झाकणाबद्दल मी मार्चमध्ये अर्ज दिला होता. असो, तो विषय वेगळा.)

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्टच्या आदेशाचं कात्रण फिरत होतं आणि बहुधा नोटिशीचं मूळ तिथेच आहे. भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा तो आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांसाठी होता. २२ ऑगस्टला कोर्टानेच तो बदलला. नसबंदी करून, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं सोडून. खायला घालायला ठरलेली जागा हवी. आणि त्याच आदेशात दत्तकाचंही आहे: रस्त्यावरचं कुत्रं ज्याला घ्यायचं त्याने पालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. त्याआधीचे २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम तर आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय रहिवाशांच्या संघटनेनेच बघावी, असं सांगतात. आणि जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. नोटिशीवर सही तुमची आहे, उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, एवढ्यासाठी.

मग सात दिवसांत घरं का मिळत नाहीत? अध्यक्षबाब, एकदा संध्याकाळी माझ्याकडे चहाला या आणि फोन कसे येतात ते ऐका. आजोबांचा फोटो बघून भराभर फोन येतात. ‘लॅब? आम्हाला हवाच होता!’ वय सांगितलं की ‘घरी विचारून सांगतो.’ ती घरं अजून विचारतच आहेत. सुंगटसाठी पहिला प्रश्न ‘ब्रीड कुठली?’ मी म्हणते, गावठी. ‘मेल आहे का?’ फिमेल, पण ऑपरेशन झालंय, कानाला खाच आहे बघा, पिल्लांची कटकट नाही. तिथे फोन कट. एका गृहस्थांना हस्कीच हवी होती. बर्फातलं कुत्रं, अंगावर दुहेरी लोकर, आणि आपला मे महिना! ‘एसी लावू की,’ म्हणाले. वीज गेली की काय करणार, हे विचारायचं राहून गेलं. ते बोलत होते तेव्हा याच हवेसाठी घडलेली सुंगट गार फरशीवर पोट टेकून माझ्या पायाशी झोपली होती.

आणि घाईने दिलं की काय होतं ते मी स्वतः करून बसले आहे. गेल्या वर्षी चवथीच्या आधी माझ्याकडे एक पांढरं पिल्लू होतं. घरात पाहुणे यायचे होते, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान पसरलेलं, मी वैतागले होते. पहिल्या विचारणाऱ्याला देऊन टाकलं. घर बघितलं नाही, पत्ता तेवढा फोनवर लिहून घेतला. नोव्हेंबरात ओळखीच्या रिक्षावाल्याने फोन केला, ‘बाई, तुमचं ते पांढरं कुत्रं एका बंगल्याच्या साइटवर बांधलेलं दिसलं.’ गेले. सिमेंटच्या गोणींवर राखण करायला म्हणून सळईला बांधलं होतं, काथ्याच्या दोरीने, आणि ती दोरी दिली त्या दिवशीचीच. पिल्लू वाढत गेलं, दोरी तेवढीच राहिली. मानेच्या मांसात रुतून बसली होती, कडेने किडे. डॉक्टर कात्रीच्या टोकाने एकेक धागा सोडवत होते आणि ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकून उभी होती. चावली नाही, ओरडलीही नाही. आज ती पेडण्यात एका घरी आहे, चांगली जाडजूड झालीय. पण साइटवर ती पोहोचली माझ्या घाईमुळे, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

तेव्हापासून मी घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुत्रं देत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स घेते. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती. ‘जमलं नाही तर इतर कुणाला न देता परत मलाच आणून देईन’ असं लिहून घेते. पहिले पंधरा दिवस रोज एक फोटो. याला लोक वैतागतात. वैतागणारे आपोआप गळतात, त्यात कुत्र्याचं भलंच होतं.

तिघांना आसगावच्या इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यूकडे किंवा कुडचड्याच्या गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्टकडे पोचवा, असं सेक्रेटरींनी सुचवलं. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, पण अशा ठिकाणी गाडीखाली आलेली, आजारी, किड्यांनी पोखरलेली जनावरं आणतात. शिवाय पावसाळ्यात शॅक बंद झाले की सीझनभर पर्यटकांच्या ताटावर पोसलेली किनाऱ्यावरची कुत्री उपाशी पडतात, तीही त्यांच्याच वाट्याला. आपली तीन धडधाकट कुत्री तिथे नेऊन टाकायची म्हणजे एखाद्या जखमी जनावराची जागा अडवायची.

तेव्हा माझी मागणी अशी. जनरेटरमागची जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत राहू द्या. तारीख मनाने काढलेली नाही. सहा महिन्यांच्या आत नसबंदी करायची नाही असा नियम आहे, खतखतं त्या वयाचं व्हायला नोव्हेंबर उजाडेल. रविवारी १२ ऑक्टोबरला सकाळी हॉल द्या, भाडं मी भरते. लोकांनी यावं, कुत्र्यांजवळ बसावं, पसंत पडलं तर नाव नोंदवून जावं. मात्र त्या दिवशी कुत्रं कुणालाही हातात मिळणार नाही. पुढच्याच आठवड्यात दिवाळीचे नरकासुर जाळायचे आहेत. नव्या घरात चार दिवस झालेलं कुत्रं त्या रात्रीच्या फटाक्यांना बुजून एकदा सुटलं की त्याला परतीची वाट माहीत नसते. घरं बघणं दिवाळीआधी, पाठवणी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास.

राहिला जूनमधला ठराव. आजोबांना असं टाकून गेले म्हणून आपण चिडलो आणि ‘भाडेकरूंनी प्राणी पाळू नयेत’ असं हात वर करून मंजूर केलं. त्यात माझाही हात होता, नाकारत नाही. पण प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकानुसार रहिवाशांना प्राणी पाळायला बंदी करण्याचा अधिकार सोसायटीला नाही, बहुमतानेसुद्धा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हा ठराव नेमका कुणाच्या आड येतोय ते बघा. बी विंगमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दोन वर्षं भाड्याने राहतात, एकटेच. रोज संध्याकाळी सहाला ते प्लास्टिकचं स्टूल घेऊन जनरेटरमागे येतात. आजोबांच्या डोळ्यात थेंब घालतात, कानामागच्या गोचिड्या चिमट्याने काढून रॉकेलच्या बाटलीत टाकतात, आणि मग दोघंही अंधार पडेपर्यंत काही न बोलता बसतात. हल्ली ते असले की पांढरी गाडी आली तरी आजोबा नुसती मान वर करतात, उठत नाहीत.

फ्लॅटचे मालक मस्कतला असतात, त्यांची संमती ईमेलने आली आहे, तीही सोबत टाचली आहे. फ्लॅट तळमजल्यावरचा आहे. अडलंय ते फक्त कमिटीच्या ना हरकत पत्रावर.

ते गृहस्थ उद्या, सोमवारी, संध्याकाळी सातला अर्ज घेऊन तुमच्याकडे येतील, आजोबांनाही आणतील. लिफ्टच्या गुळगुळीत लादीवर त्यांचे मागचे पाय घसरतात, तेव्हा तुम्हीच दोन मिनिटं खाली आलात तर बरं होईल.

आपली,
ए-३०२ मधली रहिवासी