जुन्या केप रेड जमवायच्या तर

केप टाउन,
जून

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या रेड वाइन जमवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. आधी मुद्द्याचं सांगतो. एकच वाइनरी धर आणि तिची एकच वाइन वेगवेगळ्या वर्षांची जमव. दहा वाइनरींच्या दहा बाटल्या शेजारीशेजारी मांडल्यास तर चवीतला फरक मातीचा, बनवणाऱ्याचा की वर्षाचा, हे शेवटपर्यंत उमगत नाही. वाइन तीच आणि वर्षं सहा असली, की पाऊस, ऊन आणि वय यांची चव वेगवेगळी ओळखता येते.

माझ्या मते यासाठी दोनच नावं विचारात घे, दोन्ही केप टाउनजवळच्या स्टेलनबॉश या वाइनप्रदेशातली. पहिलं मीरलस्टचं 'रुबिकॉन', पहिलं वर्ष १९८०. दुसरं कानोनकोपचं 'पॉल सावर', पहिलं वर्ष १९८१. दोन्ही फ्रान्समधल्या बोर्दोच्या धर्तीची, अनेक जातींच्या द्राक्षांची मिश्रणं आहेत: कॅबरने सोविन्यों जास्त, जोडीला मर्लो आणि कॅबरने फ्रांक. मीरलस्टच्या बागांना फॉल्स बे या उपसागरावरून येणारा गार वारा लागतो. कानोनकोप सायमन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी आहे. केप टाउनच्या टेबल बे या उपसागरात जहाजं आली की शेतकऱ्यांना कळावं म्हणून तिथल्या टेकडीवरून तोफ डागत, त्यावरून हे नाव पडलं. तिथे रस अजून उघड्या सिमेंटच्या टाक्यांत आंबवतात. वर तरंगणारा सालींचा थर माणसं हातानं दाबून खाली ढकलतात, आणि मग वाइन दोन वर्षं फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरते. वीस-पंचवीस वर्षं टिकणारा तुरटपणा तिला या कष्टातून मिळतो. निवड माझ्यावर सोडलीस तर मी पॉल सावर घेईन, कारण तिच्या जुन्या बाटल्या त्या मानानं जास्त सापडतात.

आता वर्षं. इथली खुडणी जानेवारीअखेर ते एप्रिल चालते, म्हणजे साधारण तुमच्या नाशिककडे वाइनची द्राक्षं उतरतात तेव्हाच. बोर्दोची सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणून लेबलवर साल तेच असलं तरी केपची बाटली सहा-सात महिन्यांनी मोठी असते. १९९७ गार आणि लांबलेलं वर्ष होतं, द्राक्षं सावकाश पिकली. १९९८ उलट, तापलेलं. ही दोन एकापुढे एक ठेव, इतका उघड धडा दुसरा नाही. २००२ ला पाऊस आणि द्राक्षांवरचा केवडा रोग. (तुला केवडा काय करतो हे मी सांगायला नको.) त्या वर्षी मीरलस्टनं रुबिकॉन काढलीच नाही, माल साध्या रेडमध्ये गेला. २०११ लाही तसंच केलं. अशी गाळलेली वर्षं वाइनरीचा हात किती कडक आहे हे सांगतात. २००३ निरोगी आणि नेटकं, २००९ फार मोठं, २०१५ लवकर आलेलं आणि आजवरच्या उत्तम वर्षांतलं. २०१४ ओलं आणि हलकं होतं, तरी तेही घे. सगळी चांगलीच वर्षं जमवलीस तर चांगलं म्हणजे काय हे कळायला मोजमाप राहत नाही. जमलं तर प्रत्येक वर्षाच्या तीन बाटल्या घे: एक आठव्या-दहाव्या वर्षी उघडायला, एक पंधराव्या, एक विसाव्यानंतर.

नव्वदपूर्व बाटल्यांचा मामला वेगळा आहे आणि तो नीट समजून घे, नाहीतर त्या पहिल्या घोटाला फिक्या वाटतील. त्या काळी नवी लागवड कोट्यानं बांधलेली होती (तो कोटा १९९२ ला उठला), वेलींची रोपं रोगट असत आणि वर्णभेदामुळे जगानं घातलेल्या बहिष्कारामुळे माल फारसा बाहेर जात नसे. बागाबागांत पानं लाल होऊन गुंडाळणारा विषाणू पसरला होता. तो पसरवतो कोण, तर तुमच्याकडेही असणारी कीड, पिठ्या ढेकूण. विषाणू लागलेल्या वेलीचं पान साखर नीट बनवत नाही. फळ उशिरा पिकतं, रंग कमी भरतो, साखर पुरती चढत नाही. म्हणून जुन्या केप कॅबरनेत अल्कोहोल बहुधा १२ ते १२.५ टक्के, आंबटपणा खणखणीत आणि वासात हिरव्या सिमला मिरचीचा एक धागा असतो. त्याच आंबटपणानं त्या तगल्या. त्यातल्या कित्येकींत सॅन्सो जातीचं द्राक्षही मिसळलेलं असे, म्हणून अंग हलकं आणि वास मोठा. शातो लिबर्टास ही अशीच एक रेड १९३२ पासून निघते. तिच्या साठ-सत्तर वर्षांच्या बाटल्या अजून लिलावात येतात, आणि चांगल्या ठेवलेल्या असल्या तर जिवंत निघतात. जी. एस. कॅबरने १९६६ आणि १९६८ या केप टाउनजवळच्या डर्बनव्हिलच्या द्राक्षांच्या दोन जुन्या वाइन, त्यांच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. १९९४ नंतर निरोगी रोपं आली, फळ जास्त पिकू लागलं, अल्कोहोल १४ च्या वर गेलं. १९९० पूर्वीची आणि २००० नंतरची बाटली एकाच मापानं तोलायची नसते.

पिनोटाज या इथल्याच द्राक्षजातीबद्दल थोडक्यात. द्राक्षशास्त्राचे प्राध्यापक पेरोल्ड यांनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सॅन्सो या जातींचा संकर केला. लेबलवर हे नाव पहिल्यांदा लॅन्झरॅक या वाइनरीच्या १९५९ च्या वाइननं आणलं. तिचा रस झटपट आंबतो, आणि त्यात उष्णता आवरली नाही तर केळ्याचा वास नि घशात कडवटपणा राहतो. चांगली पिनोटाज वीस वर्षांनी मात्र पिनो न्वारच्या अंगावर जाते. संग्रहात एक-दोन असू दे.

आता खरेदी, आणि इथे घाई करू नकोस. जुन्या बाटलीत वर्षापेक्षा ती कुठे झोपून होती याला जास्त किंमत आहे. विकणाऱ्याकडे मूळ पावती किंवा तळघराची नोंद माग. मग बाटली उजेडासमोर धरून पातळी बघ. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळाशी असली तर उत्तम, खांद्याच्या वरच्या वळणावर असली तर तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीला चालेल, खांद्याच्या मध्यावर गेली असली तर फुकट दिली तरी विचार कर, कारण तेवढी वाइन गेली म्हणजे तेवढी हवा आत आली. बूच बाटलीच्या ओठाच्या वर उचललेलं असेल, किंवा बुचावरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ असेल, तर ती कधीतरी तापलीय. वेष्टण बोटांनी फिरवून पाहा. ओघळून चिकटलेलं असेल तर फिरत नाही. लेबल डागाळलेलं, बुरशी आलेलं असेल तर घाबरू नकोस, ते दमट तळघराचं लक्षण आहे आणि बुचासाठी दमटपणा चांगलाच. सत्तर-ऐंशीच्या बाटल्यांच्या मानेवर रंगीत पट्ट्यांची चिठ्ठी दिसेल, इथले लोक तिला बसचं तिकीट म्हणतात. १९७३ मध्ये 'वाइन ऑफ ओरिजिन' पद्धत आली तेव्हापासूनची ती. निळी पट्टी म्हणजे प्रदेशाची हमी, लाल म्हणजे सालाची, हिरवी म्हणजे द्राक्षाच्या जातीची. लेबलवर साल छापलंय आणि चिठ्ठीवर लाल पट्टी नाही, तर विचारायला हवं. शेवटी, बूच बदललेलं आहे का हेही विचार. तसं असेल तर कधी आणि कोणी बदललं याची नोंद हवी.

ठेवणं. नाशिकचा मे महिना या वाइनचा शत्रू आहे. कपाटात ३५ अंशांवर दोन उन्हाळे काढलेली वाइन शिजलेल्या मनुकांसारखी लागते आणि ते परत येत नाही. वाइनचा फ्रिज घे, १३ अंशांवर ठेव, आर्द्रता ७० च्या आसपास. एकदा १२ आणि एकदा १५ झालं तरी बिघडत नाही, पण रोज वर-खाली झालं तर वाइन फुगते आणि आकसते, बुचाच्या कडेनं हवा आत ओढली जाते. आत किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर टाक. लोडशेडिंग तुम्हीही पाहिलंय नि आम्हीही. दोन-तीन तास वीज गेली तर भरलेला फ्रिज तग धरतो, फक्त दार उघडू नकोस. घरच्या फ्रिजात वर्षानुवर्षं ठेवू नकोस, तिथं हवा कोरडी असते आणि बूच आकसतं. बाटल्या आडव्या, अंधारात.

उघडणं मात्र सावकाश वाच, कारण बहुतेक जुन्या बाटल्या इथे वाया जातात. दोन दिवस आधी उभी करून ठेव, गाळ तळाला बसू दे. वेष्टण ओठाच्या खालून पूर्ण काप, ओल्या फडक्यानं बुचाचं डोकं नि काच पूस. तिथली काळी बुरशी निरुपद्रवी आहे. पंचवीस वर्षांपुढच्या बुचाला साधा स्क्रू लावलास तर मधोमध चुरा होतो आणि कडा काचेला चिकटून राहतात. म्हणून दोन पात्यांचं बूचकाढणं वापर: लांब पातं आधी, मग आखूड, दोन्हीकडे झुलवत झुलवत खाली, पूर्ण गेलं की फिरवत फिरवत वर. एक धोका आहे. बूच आधीच ढिलं असेल, बोट लावल्यावर फिरत असेल, तर पाती त्याला आत ढकलतात. तेव्हा आधी मधोमध स्क्रू बसव, मग त्याला धरून पाती घाल. तरी तुटलं तर उरलेल्याशी झटापट नको, आत ढकल आणि स्टीलच्या बारीक जाळीतून गाळ. कॉफीचा कागद नको, त्याचा वास लागतो.

ओतताना मानेखाली टॉर्च ठेव आणि एकाच हालचालीत काचेच्या सुरईत ओत, मध्ये थांबून बाटली सरळ केलीस की गाळ परत मिसळतो. खांद्यापाशी धुरासारखी काळी रेघ येऊ लागली की थांब. साधारण ५० मिली मागे राहील, राहू दे. १९८० पूर्वीची ओतल्यावर वीस मिनिटांत प्यायला घे, तिचा वास तासाभरात उडून जातो. नव्वदच्या दशकातली तासभर, २००९ आणि २०१५ दोन ते चार तास. तापमान १७ अंश. नाशिकला ग्लासात ती दहा मिनिटांत २२ वर जाते, म्हणून सुरई १५ वर ठेव.

एका बाटलीत आठ जण बसव, प्रत्येकी ८५ मिली. सहा वर्षं एकदम मांडू नकोस. तीन-तीनच्या दोन फेऱ्या कर, पहिल्या फेरीत जुन्या तीन, नंतर तरुण. तरुण वाइनचा तुरटपणा जिभेवर बसला की जुनीचं बारीक बोलणं ऐकू येत नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धर, कडेचा रंग बघ: पाच वर्षांचीला जांभळा-लाल, पंधरा वर्षांचीला डाळिंबी, तीसच्या पुढे विटेचा, कडेला पाणी. वास घेताना ग्लास आधी हलवू नकोस. चांगल्या जुन्या केप कॅबरनेत देवदाराची पेटी, वाळलेली तंबाखूची पानं, वाळवलेलं अंजीर, पावसानंतरचं रान आणि या डोंगरांवरच्या फिनबॉस झुडपांचा औषधी वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय, थांबून जात नाही, उलट वाढतो. तबेल्याचा किंवा मलमपट्टीचा वास आला तर पिंपातलं यीस्ट. थोडा असेल तर जुन्या वाइनला शोभतो, जास्त झाला की फळ दिसत नाही. नेलपॉलिशचा आला तर ती व्हिनेगरच्या वाटेवर आहे. आणि पहिल्या पाच मिनिटांत ती मुकी वाटली म्हणून बाजूला सारू नकोस. अशा बाटल्या अर्ध्या तासानं बोलू लागतात, म्हणून प्रत्येक ग्लासात तळाला एक घोट शेवटपर्यंत राख.

सोबत साधं खाणं: मंद आचेवरचं मटण, मसाला कमी. तिखट आलं की तुरटपणा कडू होतो.

पुढच्या महिन्यात माझा भाचा तिकडे येतोय. विमानतळावर माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतली तर मर्यादा ओलांडते. १९९८ आणि २००९ पाठवतो, सामानात, कपड्यांत गुंडाळून. पोचल्यावर लगेच उघडू नकोस. तीन आठवडे तुझ्या फ्रिजात आडव्या राहू देत, मग १९९८ ची दोन दिवस उभी कर. पातळी आत्ता मानेच्या तळाशी आहे. पोचल्यावर उजेडासमोर धरून कळव.

तुझा,
मकरंद