प्रत्येक गटाच्या हाती तापमापक आणि तराजू देण्यासाठी आवाहन

महाबळेश्वर तालुक्यातील आपल्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती समस्त ग्रामस्थांना, मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या गावकऱ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि परिसरातील स्ट्रॉबेरी बागायतदार व हॉटेल व्यावसायिकांना हे आवाहन करीत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानाचे साहित्य हवे आहे. ते कपाटात मांडून ठेवायचे नसून पाच-पाच मुलांच्या प्रत्येक गटाच्या हाती द्यायचे आहे.

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, हे मुलांना तोंडपाठ आहे. मात्र हे विधान समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबापुरते खरे आहे. आपले गाव पठारावर, सुमारे 1300 मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे येथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळू लागते. साध्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, ही घरोघरची तक्रार त्यामुळेच आहे. आज शाळेत एकच तापमापक आहे. शिक्षक तो उकळत्या पाण्यात धरतात, पुढच्या बाकावरच्या दोघा-तिघांना आकडा दिसतो आणि उरलेला वर्ग वहीत 100 लिहून मोकळा होतो. यात शिक्षकांचा दोष नाही. एका तापमापकात याहून अधिक काही होण्यासारखे नाही.

तोच तापमापक मुलांच्या हाती असेल, तर 96 हा आकडा पाहून उपकरण चुकले, पुस्तक चुकले की आपण चुकलो, असा प्रश्न त्यांना पडतो. तो सोडवण्याचा मार्गही त्यांच्याच हाती असतो. बर्फ वितळण्याच्या तापमानावर उंचीचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून तापमापक वितळत्या बर्फात धरायचा. तेथे तो शून्य दाखवीत असेल, तर शंकेचे एक कारण बाद होते. मग शेजारच्या गटाचा आकडा पाहायचा, वाईला नातेवाइकांकडे गेल्यावर तेथेही मोजून पाहायचे. समितीच्या मते विज्ञानाचा तास तो हाच.

पदार्थातील बदलांचा पाठ तर साहित्याशिवाय शिकवताच येत नाही. मेणबत्तीचे मेण वितळते तसे ते जळतेही, पण त्यातले कोणते मेण परत मिळते आणि कोणते मिळत नाही, हे फळ्यावर लिहून कळत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फसफसणारा ज्वालामुखी दरवर्षी प्रदर्शनात असतो (त्याला बक्षीसही मिळते), परंतु फेसातून निघालेला वायू कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. दोन ग्रॅम सोड्यातून सुमारे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. उघड्या भांड्यात वस्तुमान तेवढे घटल्यासारखे दिसते. शीतपेयाच्या जाड बाटलीत तीच पुडी टाकून झाकण घट्ट लावले, तर तराजूवरचा आकडा हलत नाही. झाकणाऐवजी फुगा लावला, तर वायू कोंडलेला असूनही आकडा किंचित उतरतो, कारण फुगलेला फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, तेवढ्या हवेच्या वजनाइतका तो वर उचलला जातो. हा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा असतो. किराणा दुकानातल्या काट्यावर तो दिसणार नाही, त्यासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल तराजू लागतो.

ही कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांतून असेच काम सुरू झाले, मुलांनी गटागटाने स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे असा त्याचा आग्रह होता आणि ते पुढे तीस वर्षे चालले.

आपल्याला दहा तापमापक, पाच डिजिटल तराजू, उष्णता सोसणाऱ्या काचेची चंचुपात्रे व परीक्षानळ्या, गाळणकागद आणि डोळ्यांच्या संरक्षणासाठी चष्मे हवे आहेत. तापमापक पाऱ्याचे नकोत. मुलांच्या हातून एखादा फुटणारच, म्हणून 110 अंशांपर्यंत मोजणारे, लाल द्रवाचे द्यावेत. घट्ट बसणाऱ्या दारांचे एक कपाटही लागेल, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावरचे लोखंड महिनाभरातच गंजते. गंजण्याच्या प्रयोगाला ही हवा उत्तम आहे, तराजूंना मात्र ती सोसत नाही.

ज्यांना वस्तू द्यायच्या आहेत, त्यांनी खरेदीपूर्वी मुख्याध्यापकांशी बोलावे, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. रकमेची देणगी समितीच्या नावाने धनादेशाद्वारे किंवा शाळेत येऊन द्यावी व पावती अवश्य घ्यावी. कोणाही व्यक्तीकडे परस्पर पैसे देऊ नयेत. जमाखर्च ग्रामसभेत वाचला जाईल आणि शाळेच्या फलकावरही लावला जाईल.

पैशांइतकीच वेळेचीही गरज आहे. प्रयोगाच्या दिवशी शेगडी व गरम पाणी यांवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसे लागतील. पालकांनी, विशेषतः आयांनी, आपली नावे वर्गशिक्षकांकडे नोंदवावीत. साहित्य दिवाळीच्या सुट्टीपूर्वी हाती आले, तर 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी मुलांच्या नोंदवह्या ग्रामस्थांसमोर ठेवता येतील. त्या दिवशी आकडे का जुळले नाहीत, याबद्दल मुलांना जरूर प्रश्न विचारावेत.

आपले विनीत,
अध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती