परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: व्हिसावरचं ते 'एक वर्ष'

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

आपण राज्यसभेवर गुजरातमधून निवडून गेला आहात, म्हणून बडोद्याच्या माणसाने थेट आपल्याला लिहायला हरकत नसावी. अमेरिकेत कायमचं राहायला जायच्या आमच्या व्हिसाची मुदत वाढवून द्या, असं मागणारं हे पत्र नाही. व्हिसा अमेरिकेचा, नियम अमेरिकेचे. एवढं बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला कळतं.

माझ्या धाकट्या बहिणीने २००६ साली न्यू जर्सीहून आमच्यासाठी अर्ज भरला. भावंडांच्या वर्गाला सगळ्या जगात मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, शिवाय प्रत्येक देशाला वेगळी मर्यादा. आमचा नंबर लागेपर्यंत तिसरीतली मुलगी नोकरीला लागली आणि २१ वर्षांच्या अटीने अर्जातून गळाली. उरलो मी आणि सौ. मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. ते उरकायचं आणि जानेवारीत निघायचं, असा बेत.

मेच्या अखेरीस मुंबईत मेडिकल झालं, जूनमध्ये मुलाखत, आणि मग पासपोर्ट घरी आले. एजंटाने व्हिसाच्या पानावरच्या एका इंग्रजी ओळीखालून नख फिरवलं. "जुओ काका, वन इयर लख्युं छे. शांतिथी जाओ." ओळ खरोखरच तिथे होती. पण तिचा अर्थ असा, की अमेरिकेच्या विमानतळावर शिक्का बसला म्हणजे तिथून पुढे वर्षभर हाच व्हिसा ग्रीन कार्डाच्या जागी चालेल. तो शिक्का कधीपर्यंत बसवून घ्यायचा, ते त्याच पानावर वेगळ्या तारखेत लिहिलेलं असतं. आमची तारीख होती नोव्हेंबरची.

ती दिसली मुलीला, रावपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात. तिथूनच फोन: "बाबा, नोव्हेंबर म्हणजे लग्नाच्या आधी!"

मग मी चष्मा लावून नियम वाचले. कायमच्या वास्तव्याचा हा व्हिसा फार तर सहा महिन्यांचा, आणि त्याची नाडी बांधलेली असते मेडिकलला. मेडिकलचा अहवाल साधारण सहा महिने चालतो, क्षयाशी संबंधित काही बाबतींत तीनच महिने. त्याच्यापलीकडे व्हिसा जात नाही. म्हणजे मेडिकल लवकर उरकून ठेवणारा शहाणा माणूस मुलाखतीची वाट पाहता पाहता आपल्याच मुदतीतले दिवस खात असतो.

एजंटाला तारीख दाखवली तर तो जराही गडबडला नाही. "एक्स्टेन्शन लेटर करावी आपीश," म्हणाला, आणि १५,००० रुपये घेतले. असं लेटर नसतं, साहेब. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने जाता आलं नाही तर बदली व्हिसा मागता येतो, पण फी पुन्हा भरायची, मेडिकलची मुदत संपली असेल तर तेही पुन्हा, आणि आमच्यासारख्या कोट्यातल्या वर्गाला तो साधारणपणे त्याच आर्थिक वर्षात मिळणार. त्यांचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. आमचा व्हिसा नोव्हेंबरात संपणार, तोवर बदलीचं दार बंद झालेलं. मुलीचं लग्न हे हाताबाहेरचंच कारण आहे असं सौ. ठामपणे म्हणते, पण कॉन्सुलेटपुढे हा मुद्दा मांडायचं धाडस मला झालं नाही.

वाट बहिणीने दाखवली. पानावरची तारीख ही अमेरिकेत पाऊल टाकायची शेवटची तारीख आहे, बिऱ्हाड हलवायची नाही. नवरात्र आटोपून आम्ही नेवार्कला गेलो, शिक्का घेतला, १२ दिवसांत परतलो आणि अक्षता टाकायला हजर राहिलो. त्या जादा तिकिटांच्या पैशांत लग्नाचा मांडव निघाला असता.

आता आपल्या हातातलं मागतो. या व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. त्याची ५०० रुपये फी भरून आम्ही सगळे आपल्याच खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात येतो. त्या खिडकीवर एक पान हातात द्या, गुजरातीत आणि मराठीत: मुदत कुठून मोजायची, तारीख कुठे बघायची, मुदतवाढ नसते. सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत छापला होता. आम्ही तर दोनच भाषांत एक पान मागतोय.

दुसरं, परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी करावी लागते. नुसते व्हिसाचे सल्ले विकणारा मात्र त्या कायद्यातून सुटतो. त्यालाही त्यात घ्या. आमचे १५,००० गेले ते गेले, पावती मागायचं मलाच सुचलं नाही. बँकेतला माणूस असून! पण त्या दुकानाच्या पाटीवर 'एक्स्टेन्शन' हा शब्द अजून आहे, आणि बाकावर माझ्याच वयाची माणसं पासपोर्ट घेऊन बसलेली असतात.

त्या एका पानाचा मराठी मजकूर मी लिहून ठेवला आहे. गुजराती आमच्या व्याह्यांनी केलं आहे. कोणत्या पत्त्यावर पाठवू, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे